दारावरचं नाव

देवाचं नाव काढताना शिरोरेघ शेवटी मारायची, असं माझ्या उस्तादांनी शिकवलं. खडूची रेघ आधी, रंगाची शेवटी. "अक्षरं नीट उभी राहू देत, मग त्यांच्या डोक्यावर छप्पर घाल," ते म्हणायचे. उस्ताद मुसलमान, मी ख्रिस्ती, आणि गिऱ्हाईक बहुतेक भैरोबाचं नाहीतर बिरोबाचं. त्यामुळे देव कुणाचा, ही चर्चा आमच्या दुकानात कधी झाली नाही. अक्षर सरळ आहे का, एवढीच व्हायची.

मी बारामतीत पेंटर होतो. होतो म्हणायचं, कारण आता फ्लेक्स आलाय. वाढदिवस असो की दहावा, मशीनमधून सरसर कापड बाहेर येतं आणि त्यावरचा माणूस आहे त्यापेक्षा गोरा दिसतो. माझं काही म्हणणं नाही. पण त्या अक्षरांना हात लागलेला नसतो आणि ते मला लांबून कळतं. पेंटरला आपल्या अक्षराची लाज वाटू शकते, मशीनला ती वाटत नाही, हा फरक आहे.

एकोणीसशे नव्वदनंतरची वर्षं माझ्या ऐन भराची. सोमेश्वरनगरच्या कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी उसाच्या ट्रॉल्या दुकानासमोर येऊन थांबायच्या. प्रत्येक मालकाला मागच्या फाळक्यावर पोरांची नावं हवीत, आईवडलांची कृपा हवी, कुलदैवत हवं आणि उरलेल्या जागेत एक वाघ हवा. वाघ मला जमत नसे. माझा वाघ मांजरासारखा दिसतो असं एक जण तोंडावर म्हणाला, तेव्हापासून मी वाघ बंद केले.

पण मला सांगायचंय ते डिसेंबरातल्या कामाविषयी. आमच्या बारामती-इंदापूर भागातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाच्या आधी भिंतींना चुना द्यायचा आणि दाराच्या चौकटीवर देवाचं एक नाव काढून घ्यायचं, अशी रीत होती. घरमालकाचं नाव नाही, देवाचं. ही रीत कुणी पाडली मला माहीत नाही, आणि दुसऱ्या भागात ती मी पाहिली नाही. तिचा नियम एकच होता, पण पक्का. चुना ज्याने दिला, नाव त्याने निवडायचं. चुना देणार बाया. म्हणजे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीत पुरुष बसायचे, प्रभुभोजनाचा पेला पुरुष फिरवायचे, पण वर्षभर कुणाच्या नावाखालून ये-जा करायची, हे घरातली बाई ठरवायची.

चुन्याच्या भिंतीवर ऑइलपेंट धरत नाही, पापुद्रे सुटतात. म्हणून काव नाहीतर नीळ सरसात घोटायची आणि त्यानं अक्षरं काढायची. पावसाळ्यात ती फिकट होतात, डिसेंबरात त्यांच्यावर चुन्याचा हात फिरतो आणि घर नव्या नावाला मोकळं होतं. काही घरं वर्षानुवर्षं तेच नाव ठेवायची. काही बदलायची. आणि नाव बदललं, की त्या घरात वर्षभरात काय झालं ते मला न विचारता कळायचं.

पणदऱ्याला एक वहिनी होत्या. त्यांच्या दारावर कायम 'यहोवा यिरे' असायचं, म्हणजे पुरवणारा देव. घरात दूध-दुभतं बेताचं, पोरं शाळेत, तेव्हा ते बरोबरच होतं. एका डिसेंबरात त्या म्हणाल्या, "भाऊजी, अवंदा आरोग्यदाता काढा." मी रंगाचा डबा आवाज न करता खाली ठेवला. आत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पुढच्या वर्षी गेलो तर वहिनींनी 'शांतीदाता' सांगितलं. मग मी कशाला विचारतोय? चहा घेतला आणि शिडी लावली.

जळोचीत आमच्या एका मावशींनी 'उत्तम मेंढपाळ' काढून घेतलं, तर शेजारचे गेनबाआबा काठी टेकत बघायला आले. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरांचे वाडे होते. आता चार म्हशी, थोडा ऊस आणि एक पोरगा एसटीत.

"पेंटर, ह्ये कुनाचं नाव म्हनायचं?"

"देवाचं, आबा."

"तुमचा देव मेंढरं राखतो?"

"व्हय."

आबा खूश झाले. "मंग त्यो आमच्यातलाच की! आमच्या बी दारावर काढ. बिरोबाच्या शेजारी बसंल, भांडायचं न्हाईत." मी थट्टा समजलो. पण आबा तिथंच उभे होते. "काढ रं," ते म्हणाले. "मेंढरं गेली आमची. नाव तरी ऱ्हाऊ दे." मी काढलं. अजून कधी जळोचीवरून जाताना मला त्या माणसाची आठवण येते.

लोक मला विचारायचे, तुमचा देव एक, मग नावं इतकी का? मी चर्चचा पाळक नाही, मला पाळकासारखं उत्तर येत नाही. मी म्हणायचो, भूक लागली की आपण आईला एक हाक मारतो आणि ठेच लागली की दुसरी. आई तीच असते. आमच्या लोकांनी देवाला जी नावं दिली, ती अशीच कुणीतरी कधीतरी मारलेली हाक आहे. कुणाला पाणी मिळालं, कुणाचं पोर वाचलं, कुणाला एकटं वाटलं, त्यातून ती आली. म्हणून मला ती लिहायला आवडायची. लिहिताना मीही कुणालातरी हाक मारतोय असं वाटायचं.

आता इंदापूरचं घर.

गावाबाहेर, सोलापूर रस्त्याला लागून याकोबमास्तरांचं घर होतं. रस्ता तिथं वळतो, त्यामुळे ट्रक हळू होतात, गियर बदलल्याचा आवाज घरात येतो. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीचे वडील, म्हणजे पंचच म्हणा. बोलणं पुस्तकातलं. माझ्या वेलांटीला ते काठीचं टोक लावून दाखवायचे, "सामुएल, ही जरा झोपली आहे." त्यांच्या घरी जाताना मी ब्रश दोनदा धुवायचो. त्यांच्या बायको रूथमावशी. त्या साऱ्या गावाशी बोलायच्या आणि मास्तरांशी गरजेपुरतं. त्यांच्या दारावर कितीतरी वर्षं 'इम्मानुएल' होतं. आमच्याबरोबर असलेला देव, असा त्याचा अर्थ. घरात तिघं होती, मास्तर, मावशी आणि मुलगा दानिएल, तेव्हा ते नाव शोभायचं.

एका डिसेंबरात मावशींनी 'मला पाहणारा देव' सांगितलं. हे नाव फार कुणी काढत नाही. बायबलात मालकिणीनं छळलेली एक दासी रानात पळून जाते, तिथं तिला देव भेटतो, आणि ती स्वतःच्या तोंडानं त्याला हे नाव देते. मी सरस घोटत होतो. मास्तर मंडळीच्या कामाला गेले होते. मावशी शेजारी येऊन बसल्या.

"दानू गेला," त्या म्हणाल्या.

दानू दहावीला दोनदा बसला आणि दोनदा आपटला. शिक्षकाचा पोरगा. नंतर तो ट्रकवर क्लीनर म्हणून जायला लागला. मास्तरांनी मारलं नाही, ओरडलं नाही. त्यांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

"सांजची प्रार्थना हुती," मावशी म्हणाल्या. "समद्यांची नावं घेत्यात ते रोज. तशी घेतली. शेजारच्या म्हाताऱ्याचं घेतलं, आजारी गाईचं बी घेतलं. दानूचं घेतलं न्हाय. पोरगं डोळं मिटून वाट बघत बसलं हुतं, मी बघितलं. आमेन झालं आन् उठून गेलं. चपला बी नीट घातल्या न्हाईत."

कुठं गेला, कुणाच्या गाडीवर आहे, पत्ता नव्हता. मी विचारलं, मग हे नाव का? मावशींनी रस्त्याकडे बघितलं. "मला हितनं दिसत न्हाय रं पोरगं. त्येला तरी दिसतंय."

पुढच्या वर्षीही तेच नाव राहिलं. मग त्याच्या पुढच्या डिसेंबरात मी शिडी लावली, तर मावशी चुन्याची बादली हातात धरूनच म्हणाल्या, "आमचा बाप, आसं काढ."

मास्तर ओसरीत वाचत होते. चष्म्यावरून त्यांनी बघितलं. "ते नाव प्रार्थनेत असतं," ते म्हणाले. "दारावर नसतं."

"चुना म्या दिलाय," मावशी म्हणाल्या.

मी खाली मान घालून, म्हणजे वर मान करून, अक्षरं काढली. शिरोरेघ मारून उतरलो तर मास्तर उठले, घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले आणि गोठ्यातून आत शिरले.

मला वाटलं, एक दिवसाचा राग. पण मास्तर वर्षभर मागच्या दारानं ये-जा करत राहिले. पुढच्या दाराला त्यांनी पाय लावला नाही. पाहुणा आला तरी त्याला शेणातून आत न्यायचे. नवे पाळकसाहेब पहिल्यांदा भेटीला आले, पॉलिश केलेले बूट घालून, त्यांनाही तोच रस्ता. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मागे सावली असते." मंडळीत लोक तोंडावर रुमाल धरून हसायचे. हसलो मीपण.

नंतर मात्र हसू गेलं. मी विचार करायला लागलो, या माणसाला त्याच एका नावाचं इतकं का लागावं? पुरवणारा म्हणा, आरोग्यदाता म्हणा, ही नावं देव आपल्यासाठी काय करतो ते सांगतात. त्यांच्याखाली हात पसरून बसता येतं. पण हे नाव वेगळं आहे. आमच्या प्रभूनं ते आम्हाला तोंडात दिलं आणि ते घेतलं की माणूस सापडतो. देव बाप आहे म्हटलं, की बाप कसा असावा तेही ठरून गेलं. मग ज्याला स्वतःच्या पोराचं नाव प्रार्थनेत घेता आलं नाही, त्यानं त्या दारातून मान वर करून कसं जायचं? बाकीचे आम्ही सगळे जातोच. काही वाटत नाही आम्हाला. मास्तरांना वाटलं. त्या दिवसापासून मला तो माणूस आवडायला लागला.

पुढच्या डिसेंबरात इंदापूरला गेलो आणि लांबूनच थबकलो. मास्तर स्टुलावर उभे. धोतर खोचलेलं, हातात चुन्याचा कुंचा, चष्म्याच्या काचा पांढऱ्या. सगळ्या घराला त्यांनीच एकहाती चुना दिलेला. मावशी ओसरीत तांदळाचं सूप घेऊन बसल्या होत्या, पण निवडत नव्हत्या. त्यांचा चेहरा बघून मला सगळं समजलं. चुना मास्तरांनी दिला, म्हणजे नाव आता मास्तरांचं. मास्तर उपदेशाला उभे राहिले की त्यांच्या तोंडी एकच नाव असायचं, न्यायी देव. तेच येणार, आणि मावशींनी पोरासाठी दारावर ठेवलेलं शेवटचं काही होतं तेही जाणार.

"सलाम, मास्तर," मी म्हणालो. "काय काढू?"

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला. चुना आणखीच पसरला.

"गेल्या वर्षीचंच," ते म्हणाले.

"चौकटीवर?"

"चौकटीवर बी आन् ह्या भितीवर बी." त्यांनी रस्त्याकडच्या मोठ्या भिंतीवर हात ठेवला. "मोठं काढ. रस्त्यावरनं दिसंल आसं. चालत्या गाडीतनं वाचता आलं पायजेल."

मास्तरांच्या तोंडून गावची बोली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. ओसरीत सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

इतकी मोठी अक्षरं मी भिंतीवर कधी काढली नव्हती. मोठ्या अक्षराचं एक असतं, जवळून ते कळत नाही. दोन फटकारे मारायचे आणि रस्ता ओलांडून पलीकडून बघायचं. मी दिवसभर रस्ता ओलांडत होतो, ट्रकवाले शिव्या देत होते. मास्तर पलीकडे बाभळीखाली उभे राहून सांगायचे, "काना जरा जाड कर." काम झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. मास्तरांनी हातपाय धुतले आणि पुढच्या दारानं घरात गेले. दार चांगलं उंच होतं, तरी ते वाकून गेले.

त्यानंतर त्या भिंतीखाली एक लोखंडी खुर्ची आली. रोज दुपारनंतर मास्तर तिथं बसायचे, तोंड रस्त्याकडे. ट्रक हळू झाला की मान थोडी पुढे करायचे. दर डिसेंबरात चुना स्वतः द्यायचे, मावशींना कुंचा धरू द्यायचे नाहीत. शेवटी शेवटी चुन्याचे ओघळ यायचे, पण कुंचा सोडला नाही. आणि मी दर वर्षी तीच अक्षरं काढायचो. दानू आला नाही. खुर्चीत बसलेल्या त्या माणसाकडे बघून मला वाटायचं, देवा, तुझी एवढी नावं मी लिहिली, त्यातलं एखादं तरी ह्याच्या कामाला येऊ दे.

एका पावसाळ्यात मास्तर गेले. मातीला मी होतो.

त्या डिसेंबरात कुणाचं बोलावणं नव्हतं, तरी मी इंदापूरला गेलो. मावशींना विचारावं, चुना कोण देणार, नाहीतर मीच देईन, अशा विचारानं. घरासमोर रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा होता आणि भिंतीपाशी एक माणूस कुंचा घेऊन उभा होता. पाठमोरा बघितला आणि माझ्या अंगावर काटा आला. खांदे, मान, उभं राहणं, सगळं मास्तरांचं.

"पेंटरमामा," तो म्हणाला. दानू होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. सकाळीच आला होता. मावशी दारात बसल्या होत्या, त्याच्यावरची नजर काढत नव्हत्या. आईनं वडील गेल्याचं सांगितलं, रडून झालं, आणि मग काय करावं कळेना म्हणून त्यानं चुना भिजवला होता. बाकीच्या भिंती झाल्या होत्या. ही एक राहिली होती, गेल्या वर्षीची फिकट झालेली अक्षरं घेऊन.

"कसा काय आलास रे?" मी विचारलं.

"ह्याच रस्त्यानं माझी खेप आसती, मामा. पयल्यापासनं. वळनावर गाडी हळू व्हती, तवा बघायचो. ते खुर्चीत बसल्यालं दिसायचं. लई खेपा झाल्या, खुर्ची दिसंना. म्हनून आज थांबलो."

मी कामाचं बोललो, दुसरं मला येतं काय? "चुना तू देतोयस. नाव तुझं. काय काढू?"

"आईला इचारा," तो म्हणाला. "आधीचं बी तिचंच हाय की. वाचायचो मी दर खेपेला. म्हनायचो, आई बोलावती. चुना आईच देती ना आपल्यात. पन वडलांनी बोलावल्याबिगर कसा येऊ?"

आमच्या रीतीबाहेरचा कुणी असता, तर ती भिंत वाचून बापानं लिहिलंय एवढंच समजला असता आणि गाडी थांबवली असती. हा आमच्यात वाढलेला पोरगा. त्याला नियम ठाऊक होता.

मावशी दारातून म्हणाल्या, "दानू, म्या न्हाय दिला चुना. त्यांनी दिला. दरसाल. मला हात लावू दिला न्हाय. ती भित त्यांची हाय."

दानू तसाच उभा राहिला. कुंच्यातून चुना त्याच्या पायावर गळत होता. मी भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात बघत होतो. तिथं 'पेंटर सामुएल, बारामती' असं बारीक अक्षरात मी दर वर्षी न चुकता लिहायचो. चुना कुणी दिला ते लिहायची पद्धत नव्हती. असती तर, हा विचार मी अजून करतो.

थोड्या वेळानं त्यानं कुंचा बादलीत बुडवला आणि कामाला लागला. अक्षरांवर मात्र त्यानं चुना मारला नाही. कडेकडेनं नेला. कान्यांच्या फटीत मोठा कुंचा जाईना, तेव्हा मी माझा बारीक ब्रश त्याच्या हातात दिला आणि बाजूला झालो. बापानं निवडलेल्या अक्षरांचा एक ठिपकाही त्यानं झाकू दिला नाही. मला त्या दिवशी काही काम उरलं नाही.

ऊन कलल्यावर मावशींनी चटई टाकली. प्रार्थनेची वेळ. मास्तर गेल्यापासून त्या एकट्याच करत होत्या. "आज तू कर," त्या दानूला म्हणाल्या. आम्ही तिघांनी डोळे मिटले.

"आमच्या बापा," दानू म्हणाला.

पुढे काही येईना. बाहेर ट्रक वळणावर हळू होत होते, जात होते. आम्ही डोळे मिटून वाट बघत बसलो. फार वेळानं मावशीच म्हणाल्या, "आमेन. त्येवढं बास हाय, बाळा."

बारामतीची गाडी मी त्यांच्या घरापाशीच हात करून थांबवली. खिडकीशी बसलो आणि मागे वळून बघितलं. अक्षरं फिकट होती, तरी भोवतीच्या नव्या चुन्यात उठून दिसत होती. मास्तरांनी सांगितलं होतं तशी, चालत्या गाडीतून ती नीट वाचता येत होती.